कॉस्ट मॅनेजमेंटला वेगळं सबस्क्रिप्शन लागतं का? आधी बिल कोणाच्या नावानं निघतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. साखर कारखान्यांसाठी ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा आणि पंधरवडा बिलं असं सॉफ्टवेअर करतो. सगळं अ‍ॅझ्युरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर (भाड्याच्या सर्व्हरवर) चालतं. सबस्क्रिप्शन शाहूपुरीतल्या एका विक्रेत्याकडून घेतलंय, बिलही तोच देतो. सबस्क्रिप्शनचा ओनर मी आहे, तरी पोर्टलवर कॉस्ट मॅनेजमेंट हे खर्च दाखवणारं टूल उघडलं की खर्च बघायची परवानगी नाही असं येतं. विक्रेता म्हणतो वरचं पॅकेज घ्यावं लागेल. दुसरी एक कंपनी खर्चाच्या तीन टक्क्यांवर स्वतःचं टूल द्यायला तयार आहे. नेमकं कुठलं सबस्क्रिप्शन लागतं? आमचं एक गिऱ्हाईक एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर आहे, तिथंही असंच असतं का?"

वरचं पॅकेज असा प्रकारच नाही. अ‍ॅझ्युरचा खर्च बघायला मायक्रोसॉफ्ट कॉस्ट मॅनेजमेंटचे पैसे घेत नाही, त्याचं वेगळं सबस्क्रिप्शन विकत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं कितीही महागातलं लायसन्स घेतलं तरी त्याचा इथं उपयोग नाही. तुमचं अडलंय ते दुसऱ्याच ठिकाणी. तुमच्या वापराचं बिल मायक्रोसॉफ्ट कोणाच्या नावानं काढतं, आणि त्यानं तुम्हाला आकडे दाखवायची परवानगी चालू केली आहे का, एवढाच मामला आहे. उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात लेथ चालवणाऱ्याची जी गत, तीच तुमची. वीज तुम्ही जाळता, पण मीटर मालकाच्या नावावर, महावितरणचं बिल मालकाच्या घरी, आणि तुम्हाला तो सांगेल तो आकडा. ओनर ही भूमिका म्हणजे गाळ्याची किल्ली. त्या किल्लीनं मशीन (म्हणजे क्लाउडवरचे सर्व्हर) उभी करता येतात, पाडता येतात. बिल बघता येईलच असं नाही.

आता कोणत्या करारात काय दिसतं ते बघू. क्रेडिट कार्ड लावून थेट घेतलेलं, वापराइतकंच बिल येणारं पे अ‍ॅज यू गो असेल, किंवा मायक्रोसॉफ्ट कस्टमर अ‍ॅग्रीमेंटवर थेट घेतलेलं असेल, तर कॉस्ट मॅनेजमेंट आपोआप चालतं. मोठ्या कंपन्यांच्या एंटरप्राइज अ‍ॅग्रीमेंटमध्येही चालतं, पण तिथं एक मेख आहे. अकाउंट ओनर आणि डिपार्टमेंट अ‍ॅडमिन यांना खर्च दिसावा की नाही याची वेगवेगळी सेटिंग्ज एंटरप्राइज अ‍ॅडमिनच्या हातात असतात. ती बंद असली की खालच्या माणसाला रकान्यात काहीच दिसत नाही, मग तो सबस्क्रिप्शनचा कितीही मोठा ओनर असो. तुमच्या एखाद्या कारखान्याच्या मुख्य समूहाचा असा करार असला तर कधीतरी हे आडवं येईल, म्हणून सांगून ठेवतो.

तुमचा रस्ता चौथा, म्हणजे क्लाउड सोल्युशन प्रोव्हायडर, बोलीभाषेत सीएसपी. यात मायक्रोसॉफ्टचं गिऱ्हाईक पार्टनर, आणि पार्टनरचं गिऱ्हाईक तुम्ही. याच्याही दोन पिढ्या आहेत. जुन्या पद्धतीचं सीएसपी सबस्क्रिप्शन असेल तर तुमच्या बाजूला कॉस्ट मॅनेजमेंट चालतच नाही. नव्या पद्धतीला अ‍ॅझ्युर प्लॅन म्हणतात. त्यात चालतं, पण पार्टनरनं परवानगी चालू केली तरच. तुमचं कुठलं आहे हे विचारायला विक्रेत्याकडं जायची गरज नाही. पोर्टलवर सबस्क्रिप्शनच्या ओव्हरव्ह्यू पानावर ऑफर आयडी लिहिलेला असतो. त्याचा शेवट ००१७जी असा असेल तर अ‍ॅझ्युर प्लॅन, ०१४५पी असेल तर जुनं सीएसपी, ०००३पी म्हणजे थेट पे अ‍ॅज यू गो, आणि ००१७पी म्हणजे एंटरप्राइज अ‍ॅग्रीमेंट. ००१७जी आणि ००१७पी यांत एका अक्षराचाच फरक आहे, नीट वाचा. इथं गल्लत झाली की पुढचा सगळा पत्रव्यवहार चुकीच्या माणसाशी होतो.

०१४५पी निघालं तर विक्रेत्याला अ‍ॅझ्युर प्लॅनवर हलवायला सांगा. ००१७जी निघालं तर अर्धं काम झालं. परवानगीचं सेटिंग पार्टनरच्या बिलिंग अकाउंटमध्ये, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं असतं आणि मुळात ते बंद असतं. मुद्दाम चालू करावं लागतं. बंद असलं म्हणून कोणी मुद्दाम लपवतंय असं समजू नका. बऱ्याचदा कोणी मागितलेलंच नसतं.

आपल्याकडचा विक्रेता 'आमच्या हातात नाही' म्हणतो तेव्हा तो खरंही बोलत असू शकतो. सीएसपीमध्ये थेट पार्टनर असतात आणि अप्रत्यक्षही. गावातला विक्रेता बहुतेक वेळा अप्रत्यक्ष रिसेलर असतो. त्याच्या वर एक मोठा वितरक असतो, त्याला इनडायरेक्ट प्रोव्हायडर म्हणतात, आणि मायक्रोसॉफ्टशी बिलाचा व्यवहार त्या वितरकाचा असतो. दाखवा-झाका हे सेटिंग वितरकाच्या खात्यात. म्हणजे शाहूपुरीतल्या माणसाला वितरकाकडं तिकीट टाकावं लागतं, आणि ते काम त्याला नको असतं. म्हणून मग 'वरचं पॅकेज' निघतं. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा नेमक्या शब्दांत मेल करा: आमच्या सबस्क्रिप्शनचा हा आयडी, ऑफर हा, आमच्या टेनंटसाठी (मायक्रोसॉफ्टकडच्या आमच्या कंपनीच्या खात्यासाठी) कॉस्ट व्हिजिबिलिटीची पॉलिसी चालू करावी, वितरकाकडं नोंदवलेल्या तिकिटाचा क्रमांक कळवावा. क्रमांक मागितला की काम हलतं, हा अनुभव आहे.

पॉलिसी चालू झाली की बघणाऱ्याला सबस्क्रिप्शनवर योग्य भूमिका लागते. तुम्ही ओनर आहात, तुम्हाला दिसेल. पण हिशेब बघणाऱ्या बाईंना किंवा सीएना ओनर करून ठेवू नका. त्यांच्यासाठी कॉस्ट मॅनेजमेंट रीडर नावाची भूमिका आहे. आकडे दिसतात, मशीनला हात लावता येत नाही. बजेट करायचं, एक्सपोर्ट (खर्चाची फाइल आपोआप उतरवणं) लावायचं तर कॉस्ट मॅनेजमेंट कॉन्ट्रिब्युटर. सबस्क्रिप्शन अगदी नवं असेल तर सगळं दिसायला ४८ तासांपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात घाबरून पुन्हा तिकीट टाकू नका.

आता खरी गंमत. आकडे दिसायला लागले की पहिल्याच महिन्यात तुम्ही विक्रेत्याचं बिल शेजारी ठेवाल आणि दोन्ही जुळणार नाहीत. जुळायचेही नाहीत. सीएसपीच्या ग्राहकाला पोर्टलवर दिसतो तो खर्च मायक्रोसॉफ्टच्या छापील किरकोळ दरानं, म्हणजे पे अ‍ॅज यू गोच्या दरानं मांडलेला असतो. पार्टनरला मिळणारी सवलत त्यात नसते, कर नसतो. विक्रेत्याच्या बिलावर त्याचा दर आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणून पोर्टलचा आकडा बिल तपासायला कमी आणि प्रमाण बघायला जास्त वापरा: कुठल्या कारखान्याचा डेटाबेस किती खातो, मागच्या महिन्यापेक्षा काय वाढलं. एक गोष्ट मात्र या आकड्यावरून नक्की कळते. करापूर्वीचं बिल पोर्टलच्या किरकोळ आकड्यापेक्षा जास्त येत असेल, तर विक्रेता छापील दराच्यावर घेतोय. सेवेबद्दल घेत असेल तर हरकत नाही, पण ते ओळीत वेगळं लिहून मागा.

एडब्ल्यूएसवरच्या गिऱ्हाइकाचं विचारलंत. तिथं टूलचं नाव कॉस्ट एक्स्प्लोरर. पडद्यावर बघायला फुकट, पण आधी एकदा चालू करावं लागतं, आणि चालू केल्यावर चालू महिन्याचे आकडे यायला साधारण २४ तास जातात, जुने त्यानंतर. खातं त्यांच्याच नावावर असेल आणि तरी आयएएम युजरला (खात्यात रोजच्या कामासाठी बनवलेल्या लॉगिनला) बिलिंगचं पान उघडत नसेल, तर कारण जवळपास ठरलेलं असतं: रूट युजरनं (खातं उघडलेल्या मूळ मालकानं) लॉगिन करून आयएएम युजरना बिलिंग माहितीचा अ‍ॅक्सेस चालू केलेला नाही. ते केल्याशिवाय नुसती परवानगीची पॉलिसी जोडून भागत नाही. कारखान्यांत बऱ्याचदा रूटचा ईमेल कधीच सोडून गेलेल्या संगणक विभागप्रमुखाचा असतो. तो आधी सोडवा, बाकीचं नंतर.

तिथं पैसे लागतात त्या जागा वेगळ्या आहेत. तुमच्या मुलांनी कॉस्ट एक्स्प्लोररचा एपीआय (प्रोग्रॅममधून आकडे मागायची सोय) वापरून डॅशबोर्ड बनवला तर प्रत्येक विनंतीला ०.०१ डॉलर पडतात. दिवसातून एकदा ओढला तर काहीच नाही. कोणी दर मिनिटाला रिफ्रेश होणारं पान केलं, आणि त्या पानाच्या मागं दहा विनंत्या असल्या, तर खर्च मोजायचाच खर्च महिन्याला हजारो डॉलरवर जातो. दुसरी जागा म्हणजे खातं तपासून सल्ले देणारं टूल, ट्रस्टेड अ‍ॅडव्हायजर. त्यातल्या खर्च वाचवण्याच्या तपासण्या मूळ फुकट सपोर्टमध्ये मिळत नाहीत, त्याला वरचा सशुल्क सपोर्ट प्लॅन लागतो. 'वरचं पॅकेज' हे वाक्य कुठं खरं असेल तर ते इथं. पण नुसत्या त्या तपासण्यांसाठी सपोर्ट प्लॅन घेऊ नका. कॉम्प्युट ऑप्टिमायझर (मशीन गरजेपेक्षा मोठं आहे का ते सांगणारं) आणि अचानक वाढलेला खर्च पकडणारं कॉस्ट अ‍ॅनॉमली डिटेक्शन यांची मूळ सोय फुकट आहे आणि लहान गिऱ्हाइकाला ती पुरते.

एडब्ल्यूएसमध्येही रिसेलर असतातच. त्यात तुमच्या गिऱ्हाइकाचं खातं रिसेलरच्या ऑर्गनायझेशनचं, म्हणजे खात्यांच्या गटाचं, सदस्य होतं, आणि सदस्य खात्यांना कॉस्ट एक्स्प्लोरर उघडावं का हे वरचं मॅनेजमेंट अकाउंट ठरवतं. तिथली एक बाब लोकांना फार उशिरा कळते. स्वतंत्र असलेलं खातं एखाद्या ऑर्गनायझेशनमध्ये गेलं, की आधीच्या स्वतंत्र काळाचे आकडे कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये दिसेनासे होतात. बाहेर पडलं की उलट, आतल्या काळाचे दिसत नाहीत. म्हणून रिसेलर बदलायच्या आधी सगळं उतरवून ठेवा. अ‍ॅझ्युरमध्येही करार बदलताना जुना इतिहास नव्या करारात मिळेलच असं धरू नका. एक्सपोर्ट लावून स्टोरेजमध्ये रोजची फाइल पडत राहिली की पुढं कोणाच्या मेहरबानीची गरज पडत नाही. त्या स्टोरेजचं भाडं किरकोळ असतं. ही फाइल आजच चालू करा, बाकी काही केलं नाही तरी.

गुगल क्लाउड तुमच्याकडं नाही, म्हणून दोनच ओळी. तिथं प्रोजेक्टची मालकी आणि बिलिंग अकाउंटची परवानगी पूर्ण वेगळी, बिल बघायला बिलिंग अकाउंट व्ह्यूअर लागतो. आणि बिगक्वेरीत (गुगलच्या डेटाबेसमध्ये) जाणारं बिलिंग एक्सपोर्ट मुंबईसारख्या एकाच रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या ठिकाणी) ठेवलं तर ज्या दिवशी चालू केलं त्या दिवसापासूनचेच आकडे येतात, मागचे येत नाहीत.

तीन टक्केवाल्या टूलबद्दल. असल्या टूलांचा दर खर्चाच्या टक्केवारीवर असणं नेहमीचंच आहे, त्यात वावगं नाही. पण दोन गोष्टी बघा. टक्केवारीवर घेणाऱ्याचं उत्पन्न तुमचा खर्च वाढला की वाढतं, कमी झाला की घटतं. खर्च कमी करायला ठेवलेल्या माणसाशी असा सौदा मला पटत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत महत्त्वाची: हे टूल आकडे आणणार कुठून? तुमच्याच बिलिंगमधून. पार्टनरनं पॉलिसी चालू केली नसेल तर त्या टूललाही काही दिसणार नाही, आणि चालू केली असेल तर फुकटचं कॉस्ट मॅनेजमेंट तुम्हाला दिसतंयच. वापरावरून अंदाजे किंमत लावून दाखवतो म्हणाले तर तो अंदाजच. शिवाय त्यांनी परवानगी काय मागितली बघा. खर्च वाचायला वाचण्याचीच भूमिका पुरते. कॉन्ट्रिब्युटर किंवा ओनर मागत असतील तर कशासाठी ते लिहून घ्या, आणि कारखान्याच्या शेतकऱ्यांची खाती, बँक तपशील त्याच सबस्क्रिप्शनमध्ये असतील तर सरळ नाही म्हणा. महिन्याचं बिल काही लाखांत आणि दोन-तीन क्लाउडवर पसरलेलं असेल तरच असल्या टूलचा विचार करावा, असं माझं मत. दोन क्लाउड एका जागी बघायची सोय अ‍ॅझ्युरमध्येच होती, एडब्ल्यूएसच्या खर्चावर एक टक्का घेऊन. ती ३१ मार्च २०२५ ला बंद झाली. त्याआधी मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये विकत घेतलेलं क्लाउडिन ३० जून २०२१ ला बंद झालं. सांगायचं कारण एवढंच, की कोणाच्याही टूलमध्ये वर्षांचा हिशेब अडकवून ठेवू नका. कुबरनेटिस (सॉफ्टवेअर अनेक सर्व्हरवर वाटून चालवणारी यंत्रणा) वापरत असाल तर ओपनकॉस्ट हे मुक्त स्रोत टूल फुकट आहे, पण तुमच्या कामाला कुबरनेटिस लागतं का हाच आधी प्रश्न.

टूल उघडल्यावर काय बघायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी गाळपाच्या तोंडावर आहात म्हणून सांगतो. प्रत्येक कारखान्याला वेगळा रिसोर्स ग्रुप (त्याच्या मशीन, डेटाबेसचा एक गठ्ठा) करा, म्हणजे टॅगांच्या भानगडीत न पडता कोणाचा किती खर्च ते सरळ कळतं. व्हर्च्युअल मशीन विंडोजच्या आतून शट डाउन केलं तर अ‍ॅझ्युर त्याचं भाडं घेतच राहतं. पोर्टलवरून बंद करून स्टेटसमध्ये डिअ‍ॅलोकेटेड दिसलं तरच मीटर थांबतं, आणि तेव्हाही डिस्कचं भाडं चालूच. टेस्टिंगची मशीन रात्रभर अशी 'बंद' ठेवलेली मी आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत बघतो. एडब्ल्यूएसवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास, पण पंधरा-वीस पत्ते पडून असले की हिशेब करा.

बजेट लावाल तेव्हा लक्षात ठेवा की बजेट खर्च थांबवत नाही, फक्त मेल पाठवतं. अ‍ॅझ्युरमध्ये त्याला अ‍ॅक्शन ग्रुप जोडून मशीन बंद करणारी स्क्रिप्ट चालवता येते. टेस्टिंगला खुशाल जोडा. काट्याच्या सर्व्हरला चुकूनही नको. बजेट संपलं म्हणून रात्री दोन वाजता काटा बंद पडला तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग हमरस्त्यापर्यंत जाईल, आणि फोन तुम्हालाच येईल. बारा महिन्यांना एकच आकडा ठेवू नका. नोव्हेंबर ते मार्च वेगळं बजेट, उरलेल्या महिन्यांना वेगळं. याच कारणानं एक किंवा तीन वर्षांचं रिझर्व्हेशन (वापर आधीच बांधून घेऊन मिळणारा स्वस्त दर) फक्त वर्षभर चालणाऱ्या डेटाबेसपुरतं घ्या. हंगामापुरत्या वाढणाऱ्या मशीनवर घेतलं तर उन्हाळ्यात रिकाम्या जागेचं भाडं भराल.

शेवटी, विक्रेता ऐकतच नसेल तर थेट मायक्रोसॉफ्टकडं जावं का? कार्डाची अडचण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानं कार्डावरची आपोआप वळती होणारी रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंतच ओटीपीशिवाय जाते. आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. तुमचं बिल त्यावर असेल तर दर महिन्याला कोणीतरी लक्ष ठेवून हातानं भरायला हवं; राहिलं तर सबस्क्रिप्शन बंद पडायची वेळ येते. विक्रेता महिना-दीड महिना थांबतो, क्लाउडवाला थांबत नाही. थेट घेताना बिलिंग प्रोफाइलमध्ये जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी घाला, नाहीतर इनपुट क्रेडिटवर पाणी सोडावं लागेल.

आणि सीएसपीतून बाहेर पडणं सोपं नाही. अ‍ॅझ्युर प्लॅन एका पार्टनरकडून दुसऱ्याकडं नेता येतो, त्यात मशीन बंद पडत नाहीत. पण तोच थेट कार्डावर आणायचा तर तो नुसता बिलाचा बदल राहत नाही; नवं सबस्क्रिप्शन उघडून मशीन, डिस्क, डेटाबेस हलवावे लागू शकतात. म्हणून आधी पॉलिसीचा मेल. दोन आठवड्यांत तिकीट क्रमांकही आला नाही तर पुण्या-मुंबईतले दोन दुसरे पार्टनर गाठा, आणि कोटेशन मागतानाच विचारा की आकडे पहिल्या दिवसापासून आम्हाला दिसतील का, ते लेखी द्या. मशीन हलवायचीच वेळ आली तर गाळप बंद झाल्यावर, शेवटचं पंधरवडा बिल निघाल्यानंतर.